नव्वद टक्के, पण कशाचे? विषारी आमिषावरचं संशोधन वाचताना

शोधनिबंधाच्या सारांशात ‘नव्वद टक्के परिणामकारक’ असे शब्द दिसले की आपण मान डोलावतो आणि पुढच्या निबंधाकडे वळतो. संशोधनाची तयारी करताना दिवसाला दहा-बारा सारांश चाळायचे असतात, त्यामुळे ते साहजिकच आहे. पण प्रत्येक टक्केवारीला एक छेद असतो, आणि वाचणाऱ्याची फसगत बहुतेक वेळा त्या छेदापाशीच होते. आज हे एका उदाहरणावरून पाहू. विषय आहे अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात शेतं उकरून टाकणारी डुकरं आणि त्यांच्यासाठी तयार केलेली विषारी आमिषं.

आधी प्रश्न काय आहे?

टेक्ससमधली ही डुकरं आपल्याकडच्या रानडुकरासारखी मूळची तिथली नाहीत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं सुटून रानटी झाली. पुढे विसाव्या शतकात शिकारीसाठी आणलेल्या युरोपी रानडुकरांशी त्यांचा संकर झाला. मादी वर्षाच्या आतच माजावर येते आणि एका वेताला सरासरी चार ते सहा पिल्लं देते. पेरलेला मका ओळीच्या ओळी उकरून खाणं हा यांचा रोजचा उद्योग. पिंजरे लावून, हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालूनही संख्या आवरत नाही. तेव्हा विषाचा विचार करणाऱ्या शेतकऱ्याला क्रूर ठरवून मोकळं होऊ नका. त्याचं नुकसान खरं आहे.

विषं मुख्यतः दोन. पहिलं वॉरफरिन, म्हणजे माणसाला रक्त पातळ करण्यासाठी देतात तेच औषध. ते 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं. दुसरं सोडियम नायट्राइट, जे थोड्या प्रमाणात मांस टिकवण्यासाठी वापरतात. ते जास्त प्रमाणात पोटात गेलं की रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहू शकत नाही. हा बदल उलटवणारं विकर डुकरांमध्ये फार कमी असतं, म्हणून डुक्कर काही तासांत मरतं. वॉरफरिनने मात्र शरीरात रक्तस्राव होत होत मरायला काही दिवस लागतात.

आता छेदाकडे या

अशा प्रयोगांत साधारणपणे काय करतात? काही डुकरं पकडून गळ्यात रेडिओ-पट्टा बांधतात, आमिष ठेवतात, आणि पट्टा बांधलेल्यांपैकी किती मेली ते मोजतात. आता विचारा, ही डुकरं पकडली कशी? बऱ्याचदा मका टाकून, पिंजऱ्यात. म्हणजे नमुन्यात आली तीच डुकरं, जी मुळातच आमिषाला भुलतात. बुजरी, एकदा पिंजऱ्यातून निसटून शहाणी झालेली डुकरं छेदात नाहीतच. कॅमेऱ्यावर मोजलं तरी तीच अडचण, कारण कॅमेरा आमिषाच्या जागेवरच बसवलेला असतो.

एक काल्पनिक हिशोब करून पाहा. समजा शेताभोवती 100 डुकरं आहेत. आमिषाला 60 आली, त्यातली 54 मेली. निबंधात लिहिलं जाईल 90 टक्के. शेतकऱ्याच्या दृष्टीने आकडा 54 टक्के. फरक नुसता शब्दांचा नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाच्या अ‍ॅग्रीलाइफ विस्तार सेवेच्या अंदाजानुसार संख्या केवळ आहे तेवढी राखायलाच दरवर्षी सुमारे 66 टक्के डुकरं काढावी लागतात. एका छेदाने विष यशस्वी ठरतं, दुसऱ्या छेदाने वर्षाच्या आत कळप पूर्ववत. आणि उरली कोण? आमिषाला न फसणारी. पुढच्या वर्षी तेच आमिष ठेवल्यावर निकाल तसाच येईल असं मानायला आधार काय?

याहून मोठी उणीव सांगतो. शेतकऱ्याचा प्रश्न ‘किती डुकरं मेली’ हा नाहीच. त्याचा प्रश्न आहे ‘मका किती वाचला’. मेलेली डुकरं मोजणं सोपं, वाचलेलं पीक मोजणं अवघड, कारण त्यासाठी विष न ठेवलेली, तुलनेची शेतं लागतात आणि पूर्ण हंगाम थांबावं लागतं. सोपं माप अवघड मापाच्या जागी बसवलं जातं आणि दोन्ही एकच असल्यासारखं लिहिलं जातं. वाचताना ही अदलाबदल पकडायला शिका.

जे मोजायचं ठरलंच नव्हतं

2018 च्या सुरुवातीला अमेरिकी कृषी खात्याने उत्तर टेक्ससमध्ये नायट्राइटच्या आमिषाची मैदानी चाचणी घेतली. तयारी चांगली होती. आमिषाच्या पेटीला जड झाकण होतं. डुक्कर नाकाने ते उचलू शकतं, रॅकूनला ते जमत नाही. म्हणजे ‘इतर प्राणी’ हा धोका विचारात घेतला होता. पण डुक्कर काही पंगतीत बसून जेवत नाही. त्याने खाताना चुरा बाहेर सांडला आणि तो टिपून छोटे पक्षी मेले. खात्याने चाचणी थांबवली आणि अलाबामातली ठरलेली चाचणीही रोखून धरली.

याला निव्वळ अपयश म्हणू नका. चाचणी मैदानात झाली म्हणूनच हे कळलं, आणि खात्याने ते लपवलं नाही. नंतर त्यांनी आमिषाची घडण बदलून पाहिली, पक्षी हुसकायला वाऱ्यावर नाचणारे फुग्याचे पुतळेही तपासले. माझी टीका आधीच्या टप्प्यावर आहे. धोक्याचं चित्र ‘कोण झाकण उघडू शकेल’ या एका प्रश्नाभोवती रचलं गेलं. झाकण उघडल्यानंतर जमिनीवर काय उरतं, हा प्रश्न त्या चित्रात मावला नाही.

वॉरफरिनची गोष्ट वेगळ्या बाजूने तीच. फेब्रुवारी 2017 मध्ये टेक्ससचे कृषी आयुक्त सिड मिलर यांनी ‘कापुट’ नावाच्या वॉरफरिनयुक्त आमिषाला वाट करून दिली. लगेच रानडुकराचं मांस विकणारी एक कंपनी कोर्टात गेली, शिकारीही विरोधात उतरले. आमिष खाल्लेलं डुक्कर ओळखू यावं म्हणून त्यात चरबी निळी करणारा रंग होता. पण विष खाऊन काही दिवस हिंडणारा प्राणी कुंपण ओलांडून कोणाच्या बंदुकीसमोर, कोणाच्या ताटात जाईल, हा प्रश्न होताच. कोर्टाने तात्पुरती मनाई केली आणि एप्रिलमध्ये उत्पादक कंपनीने टेक्ससमधून माघार घेतली. पुढे काही वर्षांनी ते आमिष मर्यादित परवानगीने परत आलं. मृत्यूला लागणारा वेळ हा प्रयोगशाळेत एक आकडा असतो. गावात त्याला शेजारी असतात.

आपल्यासाठी

विदर्भ-कोकणातही रानडुकरांमुळे पिकांचं नुकसान होतं, म्हणून हे निष्कर्ष उचलून इथे आणण्याचा मोह होईल. सावध राहा. आपलं रानडुक्कर मूळचं इथलं आहे, वाघ-बिबट्याचं भक्ष्य आहे, आणि 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच विष घालणं येतं. तिथली पद्धत अभ्यासा, शिफारस उचलू नका.

पुढचा निबंध हातात घ्याल तेव्हा सारांशानंतर थेट ‘पद्धती’च्या भागात जा. तिथे तीन गोष्टी शोधा: नमुना कसा मिळवला, मोजलेली गोष्ट आणि विचारलेला प्रश्न एकच आहेत का, आणि कोणाचं नुकसान मोजायचं ठरलंच नव्हतं. उत्तरं समासात पेन्सिलने लिहून ठेवा. स्वतःच्या संशोधनाचा आराखडा लिहायला बसाल तेव्हा त्याच पेन्सिलने स्वतःचीही तपासणी करा.