सोनोग्राफी : ‘निर्धोक’ म्हणजे नेमके काय?

यवतमाळ जिल्ह्यातल्या शिक्षकांशी बोलताना सोनोग्राफीबद्दल दोन वाक्ये आमच्या कानांवर नेहमी पडतात. एक, ‘त्या किरणांनी पोटातल्या बाळाला इजा होते.’ दुसरे, ‘नुसता आवाज तो, कितीही वेळा करा.’ आमच्या मते दोन्ही विधाने चूक आहेत. दुसऱ्यातली चूक मात्र चटकन लक्षात येत नाही.

पहिल्याचे उत्तर सोपे आहे. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. सेकंदाला साधारण ३० ते ५० लाख कंपनांचा ध्वनी पोटात पाठवून त्याच्या प्रतिध्वनींपासून चित्र तयार करतात.

पण ध्वनी हीसुद्धा ऊर्जाच. ती ऊतींमध्ये शोषली गेली की उष्णता निर्माण होते. हाडात ती अधिक शोषली जाते. शिवाय वायूचे सूक्ष्म बुडबुडे असतील, तर दाबाच्या चढउताराने ते फुगतात, फुटतात. गर्भात असा वायू नसतो, म्हणून तेथे मुख्य प्रश्न उष्णतेचा. यंत्राच्या पडद्यावरचे ‘टीआय’ आणि ‘एमआय’ हे आकडे अनुक्रमे या दोन शक्यतांचा अंदाज देतात.

‘इतक्या वर्षांत काही झाले का?’ असे विचारले जाते. सिद्ध झालेला अपाय आढळलेला नाही, हे खरे. परंतु दीर्घकालीन पाहण्यांपैकी बऱ्याच जुन्या, कमी शक्तीच्या यंत्रांवरच्या आहेत. अमेरिकेत गर्भतपासणीसाठी चौरस सेंटिमीटरला ९४ मिलिवॉट अशी मर्यादा होती. १९९०च्या दशकात ती ७२० झाली. अपायाचा पुरावा नसणे आणि अपाय नसणे, या दोन गोष्टी एक नव्हेत.

म्हणून नियम असा : वैद्यकीय कारण असेल तेव्हाच, कमीत कमी शक्ती, कमीत कमी वेळ. पहिल्या तीन महिन्यांत विनाकारण डॉप्लर नको. त्यात ऊर्जा एका जागी एकवटते. मात्र भीतीपोटी तपासणी टाळणे अधिक धोक्याचे. जुळे किंवा खाली आलेली वार वेळेवर कळली नाही, तर झरी-जामणीच्या बाईला दूरचे रुग्णालय ऐन वेळी गाठता येईलच असे नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ साली २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी सुचवली आहे.

गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली आणि देशाने १९९४ साली कायदा केला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. या घटीत सोनोग्राफीच्या गैरवापराचा वाटा मोठा आहे. हा अपाय ध्वनिलहरींनी केलेला नाही. वर्गात ‘निर्धोक’ हा शब्द वापरताना हेही सांगायला हवे.