झाडीतील हातकाम : एक कैफियत

हस्तकलांवर आपल्याकडे जे लिखाण होते ते बहुतांशी प्रदर्शनाच्या मांडवातून परतल्यावर होते. आणि मांडवात जी वस्तू ठेवलेली असते ती मुळातच मांडून ठेवण्यासाठी घडविलेली असल्यामुळे समीक्षक तिच्या नक्षीची, रंगसंगतीची आणि कारागिराच्या चिकाटीची वाखाणणी करून मोकळा होतो. ती कोणाच्या घरी, कोणत्या मोसमात, कशापासून आणि कोणत्या गरजेपोटी झाली असती हा प्रश्न त्याला शिवतही नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या दोन अरण्यमय जिल्ह्यांतील गृहकलांच्या बाबतीत ही रीत अगदीच लंगडी पडते. ह्या मुलखातील सर्वांत सरस काम कोणत्याही मांडवात सापडत नाही. ते धान पाखडता पाखडता झिजते, अंगाखाली विरते, पंगत उठली की उकिरड्यावर जाते. सूप, टोपली, वाकळ, पत्रावळ ह्यांना कलाकृती म्हणावे की न म्हणावे ह्याचा खल पंडितांनी खुशाल करीत बसावे. त्यांची आजची अवस्था हा ह्या लेखाचा विषय आहे, आणि त्या अवस्थेचे खापर नेहमीप्रमाणे कारागिराच्या आळसावर किंवा नव्या पिढीच्या अनास्थेवर फोडण्यापूर्वी मालाची चौकशी करावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

1982 साली गडचिरोली वेगळा होईपर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्याच्या दप्तरात होता, आणि हातकामाच्या दृष्टीने तो अजूनही एकच आहे. वरोरा-राजुऱ्याकडील काळी जमीन कापसाची. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरीचा पट्टा धानाचा. आणि वैनगंगा ओलांडून धानोरा, एटापल्ली, भामरागडकडे जावे तसतसे अरण्य दाट होत जाते. कापसाने लुगडे दिले, लुगड्याने चिंधी दिली. अरण्याने वेळू, पळसाचे पान आणि शिंदीची पाती दिली. आणि धानाच्या शेतीने ह्या सर्वांना अत्यावश्यक असलेली सवड दिली. मार्गशीर्षात कापणी-मळणी उरकल्यापासून फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचण्याची घाई सुरू होईपर्यंत, आणि पुढे वैशाखातील तेंदूपाने संपल्यावर पावसाच्या झडीत घरी बसावे लागे तेव्हा, हात मोकळे असत. हल्ली शहरात ज्याला ‘सावकाश जगणे’ म्हणून मिरविले जाते ते येथे केवळ पंचांगाने ठरवून दिलेले होते. त्यात तत्त्वज्ञान काही नव्हते.

वाकळीपासून आरंभ करू, कारण तिच्या ऱ्हासाचे कारण अगदी हाताशी आहे. जुने नऊवारी लुगडे अंगणात ताणून पसरावे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवावे, त्यावर फाटक्या धोतरांचे, सदऱ्यांचे, बाळंत्यांचे तुकडे असे लावीत जावे की कोठे दोन थर तर कोठे सहा थर असा उंचवटा राहू नये, वरून दुसरे लुगडे घालावे, आणि मग त्या वाकळीवरच बसून काठापासून आत आत, एकात एक चौकोन पडतील असा धावदोरा घालीत मध्यापर्यंत यावे, ही तिची कृती. सांगायला सोपी, पण परीक्षा टाक्यात आहे. टाका फार ओढला तर वाकळ चुरगळते, सैल राहिला तर पहिल्या धुण्यातच आतील चिंध्या एका अंगाला गोळा होतात. नदीच्या दगडावर आपटून धुतलेली वाकळ वर्षागणिक मऊ होते. वरचे लुगडे पार विरले म्हणजे ती तशीच्या तशी नव्या वाकळीच्या पोटात जाते, आणि आजीच्या लुगड्यावर नातवंड निजते हे त्या घरात कोणाच्या ध्यानातही नसते.

हे सर्व सुती कापडावर उभे होते. नागपुरास 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली. त्यानंतर गिरणीचे कापड स्वस्त होत गेले, हातमागाचे कंबरडे मोडले, पण वाकळीचे नुकसान झाले नाही, कारण गिरणीचे लुगडेही सुतीच होते. खरा घाव घातला तो टेरिलीन-नायलॉनच्या पातळांनी. ते कापड लवकर फाटत नाही, म्हणजे चिंधी होत नाही. फाटलेच तर विरत नाही, घाम टिपत नाही. थरावर थर ठेवला तर निसटतो, आणि सुई त्यातून जाते तेव्हा धागा कापडाला धरून बसत नाही. बाईचा हात तोच, सुई तीच, डोळा तोच. आणि तरी वाकळ होत नाही. अशा वेळी ‘जुनी कला लोक विसरले’ असे म्हणणे हा शुद्ध अन्याय होय. ह्याच्या उलट पुण्या-मुंबईच्या दुकानांतून ज्या महागड्या गोधड्या मिळतात त्यांतील कित्येक कोऱ्या ताग्यातून मुद्दाम तुकडे कापून, ते पुन्हा जोडून केलेल्या असतात. त्यांचे रंग मोहक असतात आणि शिवणारणींना चार पैसे मिळतात ह्याबद्दल आनंदच आहे. पण धड कापड फाडून गरिबीचा आभास निर्माण करणे ह्या प्रकाराला निदान गोधडीची परंपरा तरी म्हणू नये.

वेळूचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे, कारण त्यात निसर्गाबरोबर सरकारही आले.

ह्या जंगलांत मुख्यतः मानवेल होतो. भरीव, चिवट, कामाला उत्तम. पावसाळ्यात तोडलेल्या वेळूला कीड फार लवकर लागते, म्हणून तोड हिवाळ्यात करावी आणि जमल्यास वेळू काही दिवस वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा, म्हणजे त्यातील पिष्ट निघून जाऊन भुंग्याला खायला काही उरत नाही, हे ज्ञान बुरुडाला कोणत्या प्रयोगशाळेने दिलेले नाही. तोडलेला वेळू तो कोयत्याने उभा चिरतो, कामट्या पाडतो, आणि मग कामटीच्या चोया काढताना पाठीची चोय निराळी व पोटाची निराळी ठेवतो. पाठीची हिरवी, चिवट, वाकविली तरी न मोडणारी, पोटाची पांढरी आणि भुसभुशीत. स्वस्तातल्या टोपलीत दोन्ही मिसळलेल्या असतात व वर्षभरात ती बुडातून जाते. चांगल्या सुपात पोटाची चोय शोधूनही सापडत नाही. सुपाची वीण सपाट विणून मागची बाजू उचलून घेतात, तीन काठांना जाड कांब बांधतात आणि चौथा काठ उघडा ठेवतात. हा उघडा काठ मधोमध किंचित खाली दबलेला असला तरच पाखडताना कोंडा पुढे उडतो आणि तांदूळ मागे राहतो. घोळताना कणी एका कोपऱ्यास जमते. घरी आणल्यावर मेथीची पेज आणि भिजवलेल्या कागदाचा लगदा एकत्र करून ते सारवले म्हणजे त्याची छिद्रे बुजतात. बाजारात आता प्लास्टिकचे सूप मिळते. त्यावर तांदूळ घसरतो, घोळत नाही; तरीही ते खपते, कारण ते स्वस्त आहे, आणि धान गिरणीतूनच कांडून-पाखडून येऊ लागल्यापासून सुपाचे काम उरले तरी किती हा प्रश्न आहेच. गरज गेलेल्या वस्तूचे पुनरुज्जीवन करण्याचा हट्ट मी धरणार नाही.

परंतु गरज असूनही जे मागे पडले त्याची हकीकत दप्तरात आहे. मध्यप्रांताच्या बंदोबस्तात गावकऱ्यांच्या वहिवाटीची नोंद वाजिब-उल-अर्जात होई. मालगुजाराच्या जंगलातून कोणी किती लाकूड, किती वेळू, किती गवत घरखर्चास न्यावे हे त्यात लिहिलेले असे. 1951 साली मालगुजारी संपली, ती जंगले सरकारजमा झाली, आणि 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाने विदर्भासाठी निस्तार-पत्रक (सरपण, लाकूड, चराई ह्यांच्या व्यवस्थेचा कागद) आणि वाजिब-उल-अर्ज ही दोन्ही नावे कायम ठेवली. नावे राहिली, वहिवाट आटत गेली. बल्लारपूरच्या कागद-कारखान्याची कंपनी 1945 मध्ये स्थापन झाली, आणि पुढील कित्येक दशके ह्या जंगलांतील वेळू मक्त्याने तिकडे जात राहिला. बुरुडाच्या वाट्याला नोंदवही, परवाना आणि आगारावर ताटकळणे आले. कागदाला काही वेळू लागणारच, हे मान्य. पण लगद्याला कोवळा, वाकडा, किडका कसलाही वेळू चालतो आणि सुपाला लांब पेराचा, सरळ, नेमक्या वयाचाच लागतो, हा भेद कोणत्याही मक्त्याच्या कागदात आला नाही.

माडिया गोंडांच्या गावांत हा प्रश्न निराळ्या रूपाने होता. तेथे टोपली विणणे ही एका जातीची मक्तेदारी नाही. घरचा पुरुष आपली टोपली, आपला मासे धरण्याचा सापळा, आपल्या घराचा तट्टा स्वतःच विणतो, विकण्याचा विचारही त्याच्या मनात नसतो, आणि म्हणूनच बहुधा त्याच्या कामात बाजारी विणीपेक्षा अधिक नेटकेपणा आढळतो. हे काम ज्या जंगलाच्या जोरावर चाले त्यावर हक्क कोणाचा, ह्याचा निकाल धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा ह्या गावाने लावून घेतला. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तेथलीच. 2006 च्या वनहक्क कायद्याने वेळूची गणना गौण वनोपजात केली. 2009 मध्ये ह्या गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. आणि 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश ह्यांनी वेळूच्या वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. देशात ह्या गोष्टीचा योग्य तो गौरव झाला.

मात्र हातकामाच्या अंगाने पाहिले तर येथे थोडे थांबावे लागते. हक्क मिळालेल्या ग्रामसभा आपला वेळू बहुधा घाऊकच विकतात, लिलाव पुकारतात, आणि त्यातून तलाव, मजुरी, गावनिधी अशी कामे होतात; गावाने आपल्या मालाचा भाव आपण ठरवावा ह्यात गैर काहीच नाही. पण गावातच बसून त्या वेळूच्या वस्तू कराव्यात, म्हणजे पैसा आणि कसब दोन्ही गावात राहील, ही गोष्ट अपवादानेच घडते. हक्क आणि कौशल्य ह्यांची गाठ अजून पडावयाची आहे, आणि ती कायद्याने पडेल अशी आशा बाळगण्यात अर्थ नाही.

ही गाठ घालण्याचे प्रयत्न संस्थांनी केले आहेत. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे 2014 साली शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र काढले; हेमलकशाच्या 1973 पासूनच्या लोक बिरादरी प्रकल्पात वेळूकाम शिकविले जाते; आणि वरोऱ्याच्या आनंदवनात, बाबा आमटे ह्यांनी 1949 साली स्थापन केलेल्या महारोगी सेवा समितीत, झडलेल्या बोटांनी चालविलेल्या मागांनी व केलेल्या भेटकार्डांनी श्रमाची प्रतिष्ठा किती खोल असू शकते हे पुरेपूर सिद्ध केले आहे. आनंदवनातील काम मी निराळ्या मापाने मोजतो. तेथे वस्तू दुय्यम, माणूस मुख्य. प्रशिक्षण-केंद्रांतील कामाबद्दल मात्र थोडे कठोर बोलणे भाग आहे. वेळूची राखी, वेळूचा दिवा, वेळूचे लेखणीपात्र, वेळूचा ध्वज ह्या वस्तू सुबक असतात, त्यांनी अनेक स्त्रियांच्या संसारास हातभार लावला आहे, आणि तरीही त्यांतील बहुतेकांत वेळूपण नाही. लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या आकाराची नक्कल वेळूत उतरवलेली दिसते. चोय वाकते, ताणते, एकमेकींत गुंतून वजन पेलते. हाच तिचा स्वभाव, आणि तो सुपात, टोपलीत, धान्याच्या मोठाल्या कणग्यांत प्रकट होतो. वेळू घासून, लाख चढवून, गोंदाने चिकटविला म्हणजे तो स्वभाव दबून जातो. चिचपल्लीच्या वर्गात जुन्या बुरुडाला शिक्षक म्हणून मानाने बसविले आणि आराखडे काढणाऱ्याने त्याच्यापुढे प्रथम एक हंगाम मुकाट्याने विणले, तर निराळ्या वस्तू होतील.

पत्रावळीविषयी फार लिहिण्याजोगे नाही, पण तिची कथा बोधक आहे. पळसाची पाने अजून फुकट आहेत, काडीने ती टाचण्याचे कसब घरोघर आहे, आणि तरीही थर्मोकोलच्या ताटल्यांनी लग्नाच्या पंगतीतून तिला हुसकावून लावले. 2018 मध्ये राज्याने त्या ताटल्यांवर बंदी घातली तेव्हा पत्रावळ परतली, परंतु बहुतांशी यंत्रात दाबून, कागदी पाठ लावून. आरमोरी-नागभीडकडील कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, गोष्ट ह्याहून मोठी. ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या राखणारे ढिवर आणि त्या कोशाचे सूत विणणारे कोष्टी ह्यांच्यावर स्वतंत्र लेखच लिहिला पाहिजे. येथे खादीपुरते एवढेच नोंदवितो की सावलीसारख्या गावी, जेथे 1936 साली गांधी सेवा संघाचे संमेलन भरले आणि स्वतः महात्माजी उपस्थित होते, खादीचा संस्कार इतका पक्का असूनही आज त्या कापडाच्या कातरणीची वाकळ शिवलेली क्वचितच पाहावयास मिळते. आणि ज्या विक्रीभांडारांतून हे कापड विकले जाते त्यांना ती कातरण गोळा करून आसपासच्या गावांतील शिवणारणींस वजनावर देणे मुळीच कठीण नाही. माल पुन्हा सुती मिळाला तर टाका घालणारे हात अजून जिवंत आहेत. त्यांतील पुष्कळसे साठीच्या पलीकडचे आहेत, म्हणून हे काम येत्या पौष-माघापासूनच सुरू व्हावे.