‘उबवणपेटी’ : एका शब्दाच्या योजनेविषयी

सर्पांची अंडी कृत्रिम रीतीने सांभाळण्याच्या साधनास मराठीत ‘उबवणपेटी’ म्हणण्याचा प्रघात आहे. कुक्कुटपालनाच्या परिभाषेतून हा शब्द जसाच्या तसा उचलण्यात आला, आणि त्याबरोबर कोंबडीविषयीच्या समजुतीही आल्या. परिभाषेतील दोष बहुधा कागदावरच राहतो; येथे तो अंड्यातील जिवास भोवतो.

परदेशांत हौसेने साप पाळणारे लोक अशा पेट्या घरी बाळगतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे नाग, धामण, अजगर आदी देशी सर्प पाळणे निषिद्ध आहे. त्यामुळे येथे प्रश्न उरतो तो पाया खणताना वा जुनी भिंत पाडताना उघड्या पडलेल्या अंड्यांचा. जागेवर ठेवणे अशक्य झाले, तरच ती वन विभागास कळवून सांभाळावयाची व पिले निघताच सोडून द्यावयाची असतात. (घोणस पिलेच प्रसवते, तिचा येथे संबंध नाही.)

‘उबविणे’ या क्रियापदाच्या मुळाशी ‘ऊब’ आहे, व ती अंगाची ऊब होय. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसते आणि त्यांना वारंवार फिरविते. यंत्रही सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता राखून तेच करते, आणि २१ दिवसांत पिलू बाहेर येते. फिरविल्याने गर्भ कवचाच्या आतील पडद्यास चिकटत नाही. सर्पाच्या अंड्यात बलक तोलून धरणारे पीळदार तंतू नसतात, पांढरा भागही अत्यल्प असतो. गर्भ वरच्या बाजूस स्थिरावल्यावर अंडे उलटे झाले, तर त्याच्या जीवितास धोका संभवतो. म्हणून अंडी सापडली त्याच स्थितीत उचलावयाची, वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावयाची, आणि एकमेकांस चिकटलेली अंडी सोडवावयाची नाहीत. कोंबडीचे अंडे उबताना वजनाने घटते. सर्पाचे चिवट, कातड्यासारख्या कवचाचे अंडे भोवतालचा ओलावा शोषून फुगते. त्यास ओलसर काथ्याचा भुसा हवा, कोरडी हवा नव्हे.

परभणीत तर ‘ऊब’ हा शब्द उलटाच पडतो. नागाच्या वा धामणीच्या अंड्यांस साधारणतः २८ ते ३० अंश उष्णता मानवते व पिले निघण्यास सुमारे दोन महिने लागतात. परभणीच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पलीकडे जातो. अशा वेळी पेटीत दिवा लावणे म्हणजे अंडी शिजविणेच होय; तेथे पेटी माठाशेजारच्या थंड कोपऱ्यात ठेवणे इष्ट. शब्द मात्र सांगतो, ऊब द्या.

‘उबविणे’ हे क्रियापद अक्षरशः लागू पडते ते अजगराच्या मादीस. ती अंड्यांभोवती वेटोळे घालते आणि स्नायूंच्या कंपनाने स्वतःचे अंग तापविते. वालांसिएन यांनी १८४१ मध्ये पॅरिस येथे अशा मादीच्या उष्णतेची मोजणी केली होती. नागाची मादी अंड्यांजवळ राहते, पण ती राखण होय, उबवण नव्हे.

शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, रूढीने ठरतो, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो जाणकारापुरता खरा आहे. परंतु प्रथमच अंडी हाती आलेला मनुष्य रूढ शब्दावरूनच कृती ठरवितो, आणि ही रूढी कोंबडीच्या खुराड्यातील आहे. ‘इन्क्युबेटर’ हा इंग्रजी शब्द घेऊनही सुटका नाही. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थही ‘वर पडून राहणे’ असाच आहे.

मराठीत यास जवळचा शब्द शेतकऱ्याच्या घरात आहे : आंब्याची ‘अढी’. तेथे कोणी वर बसत नाही. फळ आच्छादनात ठेवावयाचे, आणि पिकावयाचे ते आपल्याच गतीने. ‘अंडी अढीत ठेवणे’ हा प्रयोग ‘उबविण्या’पेक्षा वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ जातो. ‘मनात अढी’ या अर्थाची छाया त्यावर पडते, ही अडचण किरकोळ आहे. खरी अडचण अशी की अढी कोरड्या गवताची असते, आणि आंबेही मधून मधून चाळवले जातात. यास्तव ‘ओली अढी’ म्हणावे लागेल, व हात न लावण्याची सूचना वेगळीच द्यावी लागेल.