जत्रेतील मूल आणि मराठी पडदा

कुटुंबासह पाहावा असा चित्रपट कोणता, असे विचारताच देवळाच्या ओसरीवरील वडीलधारी मंडळी आजही ‘श्यामची आई’चे नाव घेतात. ते यथार्थच आहे. आचार्य अत्रे यांच्या या १९५३ च्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले, आणि आईच्या शिकवणुकीतून मूल कसे घडते याचा वस्तुपाठ मराठी घरांना मिळाला. परंतु ज्या साने गुरुजींच्या पुस्तकावर तो आधारलेला आहे, त्यांनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरच्या विठ्ठलमंदिराची दारे अस्पृश्य मानलेल्यांना खुली व्हावीत म्हणून उपोषण केले होते, याचे स्मरण त्या चित्रपटासोबत सहसा जागे होत नाही. श्यामचे घर आम्ही आपले मानले. गुरुजींनी ज्यांच्यासाठी प्राण पणास लावले, त्यांच्या मुलांना पडद्यावर मध्यभागी यावयास फार काळ लागला.

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पंढरपुरातच घडतो. घर चालविणाऱ्या विधवा आईचे विणकामाचे यंत्र जप्त होते, लाडकी सायकल विकण्याची पाळी येते, आणि ज्ञानेश व त्याची धाकटी बहीण कार्तिकीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान मांडतात. येथे दारिद्र्य आहे. पण देवाच्या दारी उभे राहण्याचा या मुलांचा हक्क कोणी नाकारीत नाही. यात्रा त्यांना हात देते.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जत्रा तशीच, मूल मात्र निराळे. कैकाडी कुटुंबातील जब्या हौसेने नाचावयास येतो, आणि लवकरच त्याच्या डोक्यावर बत्ती येते. इतरांनी नाचावे, त्याने उजेड धरावा! यात देवाची निंदा आहे असे काहींना वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. दिग्दर्शक देवाकडे बोट दाखवीत नाही; त्या उजेडात नाचणाऱ्यांचे चेहरे तेवढे दाखवितो. दोष काढावयाचा तर निराळा काढावा लागेल. जब्याचे मन जिच्यावर जडते त्या शालूला स्वतःचे असे बोलणे जवळजवळ नाहीच. श्याम, ज्ञानेश, जब्या असे वाढत्या वयाचे नायक बहुधा मुलगेच असतात; मुलगी बहीण वा स्वप्न होऊन राहते.

आदिलाबादच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटू नये. घरी मराठी, बाजारात तेलुगु, शेजारी गोंडी आणि कोलामी ऐकत येथील कित्येक मुले वाढतात. पौष अमावास्येस केसलापूरला नागोबाची जत्रा भरते. मेस्राम कुळातील गोंड मंडळी पायी जाऊन गोदावरीचे जल आणतात आणि कुळातील नव्या सुनांची देवाशी भेट घडविली जाते. या जत्रेत गोंड मूल दुसऱ्याची बत्ती धरण्यास आलेले नसते. देव त्याच्या माणसांचा, मानही त्यांचाच. अशा मुलाच्या, किंवा मुलीच्या, नजरेतून सांगितलेली कथा आम्हांस पाहावयाची आहे. तीत पाहुणे आम्ही असू.

भाषेची अडचण पुढे करण्याचे कारण नाही. तेलुगुभाषक सुधाकर रेड्डी यक्कंटी यांनी ‘नाळ’ (२०१८) मराठीत केला. आपणांस वाढविणारी आई जन्मदात्री नव्हे, हे कळल्यावर चैत्याच्या मनात जे ढवळून निघते, ते त्यांनी विदर्भातील खेड्याच्या बोलीत दाखविले, आणि त्यांस पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मुलाच्या मनापर्यंत पोहोचणारा परभाषक परका राहत नाही.

‘फँड्री’च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो. म्हणून तो मुलांना दाखवू नये, असे म्हणणारे पालक आहेत. आमचे मत उलट आहे. जाणत्या मुलांना ‘श्यामची आई’ दाखवावा आणि त्यानंतर ‘फँड्री’ही दाखवावा. आपल्या जत्रेत बत्ती कोण धरीत असे, असे त्यांनी विचारल्यास खरे उत्तर द्यावे. आणि गुरुजी पंढरपुरास उपाशी का बसले होते, तेही त्याच वेळी सांगावे.