जुन्या लांकडाचा नवा संसार

पुण्यांतील जुने वाडे एकामागून एक नाहींसे होत आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून मुठेला पूर आला, त्यांत नदीकांठचे कित्येक वाडे गेले. पुढें जे उरले त्यांतील पुष्कळांस वांटण्या आणि नव्या इमारती यांनीं गांठलें. वाडा पडला म्हणजे त्याची माती उकिरड्यावर जाते, साग मात्र जात नाहीं. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या विकल्या जातात, आणि त्यांतून हातानें घडविलेलें सामान आज सुशिक्षितांच्या दिवाणखान्यांत मानानें मिरवूं लागलें आहे. या नव्या आवडीचें परीक्षण करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आवड मुळांत चांगली आहे, हें प्रथमच सांगतों. सागाच्या गाभ्यांत स्वभावतःच तेल असतें. त्यामुळें तो वाळवीस सहसा दाद देत नाहीं. शिवाय शंभर पावसाळे पाहिलेली तुळई नव्या ओल्या लांकडाप्रमाणें पिळवटत नाहीं. तथापि हें लांकूड सुतारास सुखानें काम करूं देत नाहीं. त्याच्या पोटांत मोडलेले खिळे असतात, ते रंध्याच्या पात्याची धार घालवितात. वरून धड दिसणारी तुळई भिंतींत गाडलेल्या टोंकाशीं कुजलेली निघते. कोठें कापावें आणि कोठें थांबावें, हें लांकूड पाहूनच ठरवावें लागतें. या कलेची खरी परीक्षा तेथें आहे.

एका परिचितांच्या घरीं आम्हीं अशा दोन वस्तु पाहिल्या. पहिली म्हणजे एक सुबक सुरूदार खांब गुडघ्याइतका कापून, वर कांच ठेवून केलेलें मेज. जुनेपण ठसावें म्हणून त्यावर मुद्दाम ओरखडे काढले होते. दुसरी वस्तु कडीपाटाच्या फळ्यांचा साधा बाक. खिळ्यांचीं भोकें सागाच्याच खुंट्यांनीं बुजविलेलीं, सांधे कुसाचे, आणि पावसाळ्यांत फळी फुगेल म्हणून तिला जागा सोडलेली. पाहुणे मेजाची वाखाणणी करीत होते व बसत बाकावर होते!

जुन्या खुणा लपवाव्या असें आम्ही म्हणत नाहीं. पाँडिचेरीच्या गोलकोंद इमारतीवर काम केलेले अमेरिकन कारागीर जॉर्ज नाकाशिमा फळींतील फट झांकीत नसत. फुलपाखराच्या आकाराची खुंटी बसवून ती बांधून टाकीत. ती खूण डोळ्यांस दिसे, पण फळीच्या उपयोगीही पडे. मेजावरील ओरखडे कशाच्या उपयोगीं पडतात?

कोणी म्हणतील, खांब सरपणांत जाण्यापेक्षां मेज झालेला काय वाईट? मोडक्या खांबाविषयीं हें आम्हांस मान्य आहे. वाडा संभाळणें किती खर्चाचें आहे, हेंही आम्ही जाणतों. परंतु अखंड खांबास तुकड्यांनीं अधिक किंमत येऊं लागली, तर उभ्या वाड्याकडेही लोक वखारीच्या दृष्टीनें पाहूं लागतील, ही आमची भीति आहे. म्हणून सामान घेतांना वाचकांनीं सुतारास एवढें अवश्य विचारावें: हें लांकूड कोठलें, आणि तें पडलें होतें कीं पाडलें?