चुकलेले उत्तर आणि त्याचा अर्थ

छिन्नमनस्कतेच्या रुग्णांची विचारशक्ती अजमावण्यासाठी १९४८ सालची विस्कॉन्सिन पत्ते-वर्गीकरण चाचणी दीर्घकाळ योजिली जात आहे. पत्ते रंग, आकृती की संख्या यांनुसार लावावयाचे, हे परीक्षक सांगत नाही. तो केवळ 'बरोबर' वा 'चूक' एवढेच म्हणतो आणि सलग दहा उत्तरे बरोबर येताच नियम मुकाट्याने बदलतो. अनेक रुग्ण जुन्याच नियमाला चिकटून राहतात. यावरून त्यांना प्रश्न सोडविताच येत नाहीत, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल.

गोल्डबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९८७ मध्ये असे आढळले की, प्रत्येक पत्त्यास सूचना दिल्यास उत्तरे सुधारतात. सूचना थांबताच ती पूर्ववत होतात. म्हणजे सांगितलेला नियम रुग्णास कळतो. तो मनात धरून पुढील पत्त्यास लावणे मात्र जड जाते. हे काम कार्यकारी स्मृतीचे होय. पुढे १९९० मध्ये बेलॅक आदींनी शिकवणीस बक्षिसाची जोड दिली, तेव्हाही उत्तरे सुधारली. ही उणीव अढळ नव्हे, असाच याचा अर्थ.

सूचनेने एवढा फरक पडत असेल, तर सूचनेची घडणही तपासली पाहिजे. 'आधी दाखविलेल्या पत्त्याशी रंगाने जुळणारा पत्ता डावीकडे ठेवा' या मराठी वाक्यात शेवटच्या क्रियापदापर्यंत सारे मनात धरावे लागते. 'हा पत्ता पाहा. याच रंगाचा दुसरा शोधा. तो डावीकडे ठेवा' यात तो भार हलका होतो. भाषांतरित चाचण्यांत हा भेद दुर्लक्षिल्यास वाक्याचा दोष रुग्णाच्या माथी बसेल. त्यास अक्षम ठरविण्यापूर्वी आपले वाक्य तपासणे हे परीक्षकाचे पहिले कर्तव्य होय.