अंगठा, पिन आणि नेतृत्व

मंडळी, डिजिटल बदल आणि महिला व्यवस्थापकांचं नेतृत्व असा विषय निघाला, की व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून एक ठरलेली यादी बाहेर येते : संवेदनशीलता, संवाद, लवचिकपणा. या यादीवर आमचा आक्षेप आहे. बदल कुठला करायचा हे दुसऱ्या कुणी तरी ठरवलेलं, बाईनं तो गोड बोलून लोकांच्या गळी उतरवायचा, असं ती गृहीत धरते. हे नेतृत्व की वाढपीपण?

त्यापेक्षा चेतना सिन्हा यांचं २०१८ सालचं 'टेड' व्याख्यान ऐकण्यासारखं आहे. साताऱ्याच्या माण तालुक्यातलं म्हसवड. कोल्हापूरहून सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचावं. तिथली माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ सालची. रिझर्व्ह बँकेनं आधी परवाना नाकारला होता, कारण प्रवर्तकांपैकी काही जणी निरक्षर. आपल्या भाषेत अंगठेबहाद्दर. काही महिन्यांनी बायका परत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, तुमच्या साहेबांनाही कॅल्क्युलेटरशिवाय करू द्या. परवाना मिळाला.

पुढं कार्ड आलं, पिन आला. बायका म्हणाल्या, पिन नको. बँकेनं समजावलं, लक्षात ठेवायला मदत करू म्हटलं. तरी नकोच. पिन कुणीही चोरेल, अंगठा कसा चोरणार? मग बँकेनं अंगठ्यावर चालणारी व्यवस्था आणली. ज्या अंगठ्यापायी परवाना अडला, तोच किल्ली झाला!

आता बघा, एरवी असा नकार 'प्रशिक्षणाची गरज' या रकान्यात जातो. इथं तो युक्तिवाद म्हणून ऐकला गेला. घामाचा पैसा कुठल्या वाटेनं हातातून जातो, हे त्या बाईला ठाऊक असतं. यंत्र बनवणाऱ्याला नसतं. तत्त्वज्ञानात ज्याला आम्ही ज्ञानाचा अधिकार म्हणतो, तो इथं खिडकीच्या बाहेर उभा होता, आणि आतल्या बाईनं तो ओळखला. आमच्या लेखी नेतृत्व ते एवढंच, आणि ते सोपं नाही.

पण व्याख्यानातली ही गोष्ट तिथंच थांबते. टाळ्या पडतात. आमची अडचण तिथून सुरू होते. पिन फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. ऊसतोड, खडी, भांडी यांनी बोटांच्या रेषा झिजतात. रेशनच्या दुकानात चार-चार वेळा बोट पुसून लावणाऱ्या आजीबाई आपण पाहतोच की. आणि जो नवरा पिन हिसकावेल, तो हाताला धरून बायकोला यंत्रापुढं उभी करणार नाही कशावरून?

म्हसवडच्या बायकांनी पिनला नाही म्हटलं, तेव्हा व्यवस्था बदलली. यंत्रच अंगठ्याला नाही म्हणालं, तर ओळखीच्या खातेदाराचा चेहरा बघून, वहीत नोंद करून पैसे द्यायची मुभा शाखेतल्या व्यवस्थापक बाईंना आहे का? कुठल्याही बँकेला आधी हे विचारा, कौशल्यांची यादी मागाहून.